यानात बसवलेली आई

मुलं वाईट निघाली तर आईबापांनी काय करायचं, हे सांगायला शंभर जण येतात. मुलं फार प्रेमळ निघाली तर काय करायचं, हे कुणी म्हणजे कुणी सांगत नाही. चष्म्यांच्या दुकानवालीला मुलं दोन, आणि दोन्ही तसलीच. थोरली छकुली, चाळिशी उलटली, हाताखाली कचेरीभर माणसं, तरी घरात छकुलीच. धाकटा ढब्बू आता काडीसारखा वाळलाय, पण एकदा पडलेलं नाव कुठलं सुटायला?

गेल्या हिवाळ्यात आई दुकानाच्या पायरीवर घसरली आणि मनगट मोडलं. हाड केव्हाच जुळलं, पण मुलांनी धसका घेतला तो घेतलाच. दुकान विकायचं आणि आईनं छकुलीकडे राहायला जायचं, हे दोघांनी आपापसांत फोनवर ठरवूनही टाकलं. उद्या सकाळी एकजण दुकान बघायला येणार होता.

आईला दुकान सोडायचं नव्हतं. तिला शटर वर ढकलायचं होतं, काचेची कड चाकावर घासायची होती, नाकावरून घसरणाऱ्या फ्रेमा गरम करून वळवायच्या होत्या. पण तोंड उघडावं, तर छकुली पाठीमागे उशी सरकवायची आणि ढब्बू पायाशी पायपुसणं नीट करायचा. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं हो, मायेशी कसं भांडणार?

दुपारी सामान आवरताना माळ्यावरून जुना कॉम्प्युटर निघाला. ढब्बूनं धूळ झटकली, वायरी खोचल्या आणि तो खुरखुरत चक्क सुरू झाला. फ्लॉपी आतच होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि दोघंही सामान टाकून जमिनीवर फतकल मारून बसली. शाळेच्या दिवसांत दोघांना वेड लावलेला अंतराळाचा खेळ होता तो. आपली टोळी जमवायची, यान घेऊन ग्रहाग्रहांवर उतरायचं, लढायचं आणि शेवटच्या ग्रहावरचं दार उघडायचं. त्या दारापर्यंत पोचली होती दोघं, तेवढ्यात छकुली शिकायला परगावी गेली आणि खेळ तिथेच अडकला.

"आज संपवूनच उठायचं," ढब्बू म्हणाला.

आई चहा घेऊन आली आणि मागच्या खुर्चीत बसली. पडद्यावर टोळीची नावं होती: कप्तान छकुली, नेमबाज ढब्बू, खडखड्या नावाचा यंत्रमानव, आणि चौथं नाव आई.

"ही आई कोण?"

"तूच की. यानाची मेकॅनिक."

"बरं. मग मी करते काय?"

"यानात बसतेस," ढब्बू कौतुकानं म्हणाला. "सगळ्यात भारी चिलखत तुलाच घातलंय, बघ."

"बसायला चिलखत?"

"अगं, पहिल्याच ग्रहावर एका पालीनं तुला अर्धमेलं केलं होतं. ही छकुली हमसून हमसून रडली. तेव्हापासून तुला खाली उतरवलंच नाही."

छकुली पडद्याकडे बघत बसली. दारावर पाटी झळकत होती: सगळी टोळी समोर उभी राहिल्याशिवाय दार उघडणार नाही. मग काय, आईला उतरवावंच लागलं. ती यानातून दोन पावलं चालली नाही, तोच एका चिरकुट पहारेकऱ्यानं गोळी झाडली. खाली ओळ उमटली, आई मरण पावली.

दोघांचे चेहरे पडले. ढब्बूनं घाईघाईनं खेळ मागे नेला आणि पुन्हा उतरवलं. आई पुन्हा मेली.

"एवढं चिलखत असून?" तो पुटपुटला.

"चिलखताचा उपयोग नाही," छकुली हळूच म्हणाली. "लढलं की ताकद वाढते इथे. आपण दोघं लढून लढून वाढलो. ही पहिल्या दिवशी होती तेवढीच राहिली."

"म्हणजे पहारेकऱ्यानं नाही मारलं मला," आई म्हणाली. "तुम्ही मारलंत, जपून जपून."

आई खुर्चीवरून उतरली, दोघांच्या मधे बसली आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "चला, त्या पालीकडे न्या मला."

"पहिल्या ग्रहापर्यंत मागे जायचं? मग आज कसला संपतोय खेळ?" ढब्बू कुरकुरला.

"नको संपू दे."

पालीनं तिला लोळवलं. खेळ मागे नेऊन ती पुन्हा उतरली, पुन्हा लोळली. बारीक स्क्रू चिमट्यात धरायची सवय असलेली बोटं होती ती. हळूहळू लय सापडली. पाल कधी डावीकडे वळते हे तिला कळलं आणि तिनं अचूक वेळी बटण दाबलं. पाल उताणी पडली. ढब्बूनं तिच्या पाठीत अशी थाप मारली की चहा सांडला.

"छकुले," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "उद्याच्या माणसाला येऊ नका म्हणून सांग. दुकान मी चालवणार आहे."

"आई, पुन्हा पडलीस तर?"

"पडेन."

छकुलीनं ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूनं पायपुसण्याकडे पाहिलं. डोळे पुसत छकुली उठली आणि फोन शोधायला लागली. आई तोवर पुढच्या ग्रहावर उतरलीसुद्धा होती.