भिंतीच्या जागी वहिनी

सकाळी आई दोन डबे भरायची, एक धाकट्या मुलाचा आणि एक थोरल्या सुनेचा. दोघंही एकाच अणुवीज केंद्रात कामाला. धाकटा तिथे इंजिनिअर. आगीपासून बचावाचं खातं त्याच्याकडे. थोरला त्याच केंद्रात नोकरीत असताना आजारपणात गेला आणि त्याच्यामागे वहिनीला केंद्रानं फेरीचं काम दिलं. संध्याकाळी ती घरी आली की बुटांना चिकटलेला करडा भुसा उंबऱ्याशी सांडायचा, आणि आई कुरकुरत तो झाडून काढायची. "बाई, जरा पाय आपटून येत जा, तुझ्या त्या खोलीचा केर मीच काढायचा का?" असं ती म्हणायची. वहिनी हसून बूट कोपऱ्यात सरकवायची.

ही फेरी म्हणजे काय, ते सांगायला हवं. केंद्रात केबलांनी भरलेली एक लांबलचक खोली होती. अणुभट्टी बंद केली तरी तिची धग लगेच जात नाही, तिला थंड ठेवणारे पंप चालूच राहावे लागतात. त्या पंपांना वीज नेणाऱ्या केबलांचे दोन संच याच खोलीतून जात. आग लागून एक जळाला तरी दुसरा वाचावा, म्हणून एका संचाभोवती आग अडवणारं जाड अस्तर गुंडाळलेलं होतं. केंद्रातले लोक त्या अस्तराला भिंतच म्हणायचे. पुढे कधीतरी कुणाला बुद्धी झाली आणि त्या अस्तराचा तुकडा चाचणीच्या भट्टीत घातला गेला. जितका वेळ टिकेल असं सांगितलं होतं, त्याच्या निम्म्यातच तो गळून पडला.

सगळं अस्तर बदलायचं तर केंद्र कित्येक महिने बंद ठेवायला हवं. मग अशा केंद्रांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी देखरेख कार्यालयानं तोड काढली. अस्तर बदलेपर्यंत माणूस नेमा, त्यानं खोलीत सतत फिरून कुठे धूर दिसतो का ते पाहावं. व्यवस्था तात्पुरती! त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दाढी करू लागली आहेत. दरवर्षी केंद्र मुदतवाढ मागतं, दरवर्षी कार्यालय ती देतं, आणि दोघांनाही आपलं कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं.

त्यातून एक चाल पडली. कामावरचा माणूस दगावला की त्याच्या बायकोला फेरी द्यायची. केंद्राचे मोठे साहेब दर समारंभात सांगायचे की आम्ही आमच्या माणसांना वाऱ्यावर सोडत नाही, आणि टाळ्या पडायच्या. कुणी भिंतीचा विषय काढलाच, तर त्याला विचारलं जायचं, या बायकांच्या पोटावर पाय आणायचाय का? भला माणूस यावर काय बोलणार? असं करत करत भिंतीच्या जागी बाई उभी राहिली आणि सगळे त्याला दया म्हणू लागले. मुदतवाढीच्या मागणीवर सही धाकट्याची असायची. आपण वहिनीचं घर सांभाळतोय, असंच तो स्वतःला सांगायचा.

एका संध्याकाळी उंबऱ्याशी भुसा सांडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई खूश झाली, सूनबाई शेवटी ऐकायला लागली म्हणून. धाकट्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली. घरात त्याला शंकासूर म्हणायचे ते उगाच नव्हे. दाराला कुलूप लावून तो चार वेळा ओढून बघायचा. त्या खोलीत जाऊन आलेल्या माणसाचे बूट स्वच्छ राहतील कसे?

त्यानं ऑफिसच्या संगणकावर पाहिलं. वहिनीच्या कार्डाची नोंद एकूण एक फेरीला झालेली होती, कुठे खंड नाही. त्यामुळे त्याचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तिचं कार्ड दुसरंच कोणी लावतंय का? ती त्या वेळात जाते कुठे? जेवताना तो तिच्याकडे चोरून पाहू लागला. वहिनीही हल्ली त्याच्याशी मोजकंच बोलत होती. "तिनं काय तुझं घोडं मारलंय?" असं आईनं एकदा विचारलं, तेव्हा तो हात धुवायला उठला.

शेवटी तो भरदुपारी त्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. बोळात पाइपांच्या आडून त्याला सगळं दिसत होतं. वहिनी वेळेवर आली. कार्ड लावायचं यंत्र पूर्वी खोलीच्या आत, पार पलीकडच्या टोकाला असायचं. आता ते बाहेर, दाराशेजारी बसवलेलं होतं. तिनं कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला आणि ती मागे वळली. ती गेल्यावर त्यानं दार ढकलून पाहिलं. दाराला कुलूप होतं.

त्या संध्याकाळी वहिनी कामाच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तो समोर जाऊन बसला.

"वहिनी, तुम्ही आत जात नाही."

इस्त्री थांबली नाही. "कुलूप आहे दाराला, भाऊजी. कशी जाणार?"

मग तिनं सांगितलं. अस्तराचा भुसा उडून बायकांना खोकला लागला होता. त्यांनी तोंडाला लावायला मास्क मागितले. त्यांच्यावरचा सुपरवायझर, ज्याला त्याच्या बोलण्याच्या सवयीवरून सगळे बरंका म्हणायचे, त्यानं मास्क आणले नाहीत. यंत्रच उचलून बाहेर बसवलं. बाहेरूनच लावत जा, तुमच्या तब्येतीसाठीच करतोय बरं का, असं तो म्हणाला. बायकांनी त्याचे आभार मानले.

"मला का नाही सांगितलंत?"

आता तिनं इस्त्री उभी केली. "मला वाटलं, कुलूप तुमच्याच हुकमानं लागलंय. आगीचं खातं तुमचं. मी म्हटलं, घरचा माणूस असून हा आपल्याला असं बंद दारापुढे उभं करतो. रोज जेवताना तुमच्याकडे बघायचे आणि गप्प बसायचे."

एकाच पातेल्यातलं वाढून घेणारी दोन माणसं एकमेकांना चोर समजत बसली होती, आणि खरा चोर कोण, हे बोट ठेवून सांगता येत नव्हतं. बरंकानं बायकांचा खोकला थांबवला होता. संगणकात सगळं हिरवं होतं. कार्यालय तेच हिरवं पाहून समाधान मानत होतं. खोलीत मात्र ना भिंत होती, ना माणूस.

तपासणीला हे सांगून टाकतो, असं तो म्हणाला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की शहाणपणा करू नकोस, पहिली गदा हिच्यावरच येईल. ते खोटं नव्हतं, म्हणूनच त्याला लागलं. वहिनीनं कपड्याची घडी हातानं सारखी केली. मग म्हणाली, "येईल ती येऊ दे. ते कार्ड लावताना मला रोज खोटं बोलल्यासारखं होतं. पण भाऊजी, सांगायचं तर पूर्ण सांगा. आम्हा बायकांपाशी थांबू नका."

वर्षाच्या तपासणीला देखरेख कार्यालयाचे तपासनीस आले ते नेहमीसारखेच, हसतमुख, हळू चालणारे. त्या दारापाशी आले की ते दरवर्षी चष्मा काढून पुसायचे. धाकट्याला आज प्रथमच वाटलं की या माणसाला ठाऊक आहे. त्याशिवाय नेमका इथेच चष्मा धूसर होत नाही. मोठे साहेब, बरंका आणि पाळीवरची वहिनी, सगळे उभे होते. तपासनिसांनी काच पुसत धाकट्याला विचारलं, "फेरी चालू आहे ना?"

दरवर्षी इथे "हो" म्हणायचं आणि चहाला जायचं.

"नाही," धाकटा म्हणाला. "दार उघडून बघा."

किल्ली लवकर सापडेना. तोवर चहा घेऊ, असं मोठे साहेब दोनदा म्हणाले. कुणी हललं नाही. अखेर बरंकाच्याच टेबलात किल्ली निघाली. आत दिवे गेलेले. विजेरीच्या उजेडात अस्तराची लक्तरं केबलांवरून लोंबत होती आणि जमिनीवर करडा भुसा साचला होता. त्यावर एकही ताजं पाऊल उमटलेलं नव्हतं. तपासनिसांनी अस्तराला हात लावला तर गोळाच हातात आला. तो कुठे टाकावा हे त्यांना कळेना. मुठीत धरून ते तसेच उभे राहिले.

मग त्यांनी धाकट्याला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं असं की बायकांनी फेरीत कुचराई केली एवढं लिहू, त्यांना बदलू, आणि या वर्षापुरती मुदत मागा, ती मिळेल. वहिनी हाताच्या अंतरावर उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"मुदत मी मागणार नाही," धाकटा म्हणाला. "आणि कुचराई लिहायची तर आधी माझी लिहा, दरवर्षी मागणीवर सही माझी आहे. मग कुलूप घालणाऱ्याची लिहा. मग तुमची. बायका त्यानंतर."

तपासनिसांनी चष्मा घातला.

मागणी नाही तर मुदत नाही, मुदत नाही तर केंद्र बंद ठेवून अस्तर बदलणं आलं. त्याच दिवशी दिराला आणि भावजयीला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगण्यात आलं. वसाहतीत फेरीवरच्या इतर बायकांनी वहिनीला पाहून दारं लावून घेतली. त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांना काम देण्यासाठी भिंत पडकी ठेवावी लागते, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं त्यांच्या दारावर मात्र कुणी थाप मारली नाही. धाकट्यानं मनाशी पक्कं केलं की भिंत आणि या बायकांना दुसरं काम, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं मागायच्या. आई त्याच्याशी बोलत नव्हती.

चौकशीची सुनावणी होती त्या सकाळी ती सवयीनं केरसुणी घेऊन उंबऱ्याशी बसली. झाडायला काहीच नव्हतं. कोपऱ्यात वहिनीचे जुने बूट होते, ते तिनं उचलून पाहिले. तळव्यांच्या खाचांत भुसा अजून दबून बसला होता.

"हे त्या अस्तराचंच का रे?" ती म्हणाली. कित्येक दिवसांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"हो, आई."

ती बुटाकडे बघत राहिली. "म्हणजे ती भिंत रोज थोडी थोडी आपल्या घरी येत होती. आणि मी केरात टाकत होते."

तिनं बूट कागदावर आपटले, खाचा काडीनं कोरून काढल्या आणि सगळा भुसा नीट पुडीत बांधला. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन डबे भरले. वहिनी निघताना तिच्या डब्यावर आईनं ती पुडी ठेवली.

"हे त्यांच्या टेबलावर ठेव," ती म्हणाली. "आणि बघेपर्यंत त्यांना उठू देऊ नकोस."