दिवे मी लावते

लेक नोकरीसाठी दूरदेशी गेली आणि जाताना दोन कासवं माझ्या गळ्यात मारून गेली. दोन्ही पाण्यातली, बशीएवढी, आणि बघतात अशी की जणू मीच त्यांच्या घरी राहायला आलेय. थोरल्याचं नाव तिने साहेब ठेवलं होतं, धाकटीचं बाई. मला आयुष्यात कधी मांजर पाळावंसं वाटलं नाही, तिथे कासवांचं काय घेऊन बसलात. पण निघायच्या आदल्या दिवशी तिने मला खुर्चीत बसवून सगळं शिकवलं. लहानपणी मी तिला तुरपाई शिकवायचे, तसंच चुकलं की पुन्हा, चुकलं की पुन्हा.

काचेच्या पेटीवर दोन दिवे होते. एक ऊब देणारा, त्याच्याखाली दगडावर दोघं अंग शेकत बसतात. दुसरा उन्हाच्या जागी, तो मिळाला नाही तर पाठ मऊ पडते म्हणे. दोन्ही सकाळी लागले पाहिजेत, संध्याकाळी विझले पाहिजेत. आज लवकर, उद्या उशिरा असं केलं की साहेबांचं बिनसतं आणि ते खाणं सोडतात.

मी तिथेच हात टेकले. मी कपडे दुरुस्त करते, पँटी आखूड करते, चेन बदलते. एकदा मशीनवर बसले की मला स्वतःच्या जेवणाची आठवण राहत नाही, यांच्या दिव्यांची कुठून राहणार?

"दिव्यांचं तू बघूच नकोस," लेक म्हणाली. "ते मी लावते." आणि भिंतीतल्या प्लगमध्ये एक पांढरा ठोकळा बसवून, त्यात दिव्यांची वायर खोचून ती फोनवर बोटं फिरवत राहिली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं पाणी ठेवत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत टक् असा आवाज झाला आणि दोन्ही दिवे लागले. पोरगी तेव्हा विमानात होती. हल्ली विमानातूनही फोन चालतो म्हणतात. माझा ऊर भरून आला. ढगांत बसूनसुद्धा विसरली नाही, असं मी साहेबांना म्हटलं.

मग तो नेमच झाला. आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. कामावरून येत असेल, बूट काढत असेल, आणि त्याआधी आमचा दिवा लावत असेल. टक् झालं की मी म्हणायचे, "आलीस का घरी?" आणि मगच चहा गाळायचे. संध्याकाळी दिवे विझले की म्हणायचे, "बरं, जा आता आवरून कामाला." सुरुवातीला तिचे फोन रोज यायचे, मग सुट्टीच्या दिवशी, मग जमेल तसे. पूर्वी मी यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. आता तोंडातून शब्द काढला नाही. फोन काय, रिकामा वेळ मिळाला की कुणीही करतं. दिवा मात्र रोज लावायचा म्हणजे रोज आठवण काढावी लागते.

खालच्या कुलूपवाल्याला मी हे ऐकवल्याशिवाय कशी राहणार? तो फाटका कोट घेऊन आला होता. त्याचा मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो आणि तोंड दाखवत नाही. तो बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, नशीब काढलंत. मी पुष्कळ भाव खाल्ला त्या दिवशी.

थंडी वाढली तसे दिवे जरा उशिरा लागायला लागले. रोज थोडे थोडे. माझ्या लगेच लक्षात आलं, पोरगी दमतेय. फोनवर तसं विचारलं, तर तीही म्हणाली की हो गं, कामच फार आहे. मी तिला लोकरीचा स्वेटर विणायला घेतला.

आणि एक दिवस सकाळी दिवे लागलेच नाहीत.

चहाचं पाणी उकळून आटलं. साहेब दगडावर चढून वर बघत बसले. आजारी असेल, रस्त्यात काही झालं असेल, तिथे तिचं आहे कोण? मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मशीनवर कुणाची तरी पँट अर्धी तशीच पडली होती. किती वेळा लावला देव जाणे, शेवटी तिने उचलला. मागे ताटल्यांचा आवाज होता आणि पुष्कळ लोकांचं हसणं.

"आई, काय झालं? बरी आहेस ना तू?"

"तू बरी आहेस ना?"

"मी मैत्रिणींबरोबर जेवायला आलेय. एवढे फोन कशाला केलेस?"

"आज तू दिवे लावले नाहीस."

"मी कुठे रोज लावते, आई? निघायच्या आधी एकदाच लावून ठेवलंय, गजर लावतो तसं. आपोआप चालतं ते. तुझं वायफाय गेलं असेल, बंद करून चालू कर."

"आणि थंडीत उशीर होत होता तो?"

"ते सूर्य उगवण्याप्रमाणे बदलतं. तुला काय वाटलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "साहेब उपाशी आहेत, म्हणून केला."

वायफाय बंद करून चालू केलं. टक् झालं. मी काही बोलले नाही. खुर्चीत बसून रडले, आणि रडता रडता स्वतःचाच राग आला. इतके महिने मी एका ठोकळ्याशी बोलत होते. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि हे मला त्या सकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तो ठोकळा उपटून कपाटात टाकला आणि दिवे सरळ भिंतीच्या बटणावर घेतले. खोटं कशाला बोलू, त्यात थोडा डाव होता. कुलूपवाला म्हणाला होता की असला ठोकळा काढला तर ज्याच्या फोनवर आहे त्याला दिसतं. म्हटलं दिसू दे. घाबरून करू दे मलाही चार फोन.

त्या दिवशी फोन आला नाही. त्या आठवड्यात आला नाही. मी सकाळी उठून दिवे लावत होते, संध्याकाळी मशीनवरून उठून विझवत होते, आणि फोन उशाशी ठेवत होते. माझ्या लक्षात राहणार नाही म्हणत होते ना, एक दिवस चुकलं नाही. बाई तर मी बटणाकडे निघाले की पाण्यातून मान वर काढायला शिकली.

स्वेटर विणून झाला तेव्हा कुठे लेकीचा फोन आला. खुशीत होती. नवीन घर, नवीन पडदे, सगळं सांगितलं. मी पडद्यांची लांबी विचारली. बोलणं संपत आलं तेव्हा तिला कासवं आठवली.

"दिवे वेळेवर लागतात ना गं?"

"लागतात."

"बघ. एकदा नीट लावून ठेवलं की डोक्याला ताप नाही. मला तर आठवणसुद्धा ठेवावी लागत नाही."

असं म्हणून ती हसली. मीही हसले, तिला ऐकू जाईल इतपत.