कालव्याला सांगायचं स्वप्न

“तंदूर इथे नव्हता,” ओयनिसा म्हणाली. “तू उगाच फिरवतोयस मला, आका.”

हमदम खरोखरच तिला फिरवत होता. हा तिचा थोरला भाऊ, साठी उलटलेला, खत कारखान्याच्या पंपांवर सगळा जन्म घालवलेला. आता उरलेलं नसलेल्या तुतझार गावात आपलं घर कुठे होतं, ते त्याला डोळे मिटूनही सापडलं असतं. पण घर सापडलं की कालव्यावर जायचं होतं आणि कालव्यानंतर बोलणं टाळता येणार नव्हतं. सकाळीच रशियातून फोन आला होता. ओयनिसाचा एकुलता एक मुलगा दिलमुराद तिथे इमारतींच्या कामावर होता. परांचीवरून पडला आणि जागच्या जागी गेला. सोबतचा मुलगा रडत म्हणाला, “मामा, तुम्हीच सांगा. आमची जीभ रेटत नाही.”

मामाची तरी कुठे रेटत होती? तो बहिणीच्या दारात पोचला, तर ती डोक्याला रुमाल बांधून तयारच बसलेली. “पोराचं वाईट स्वप्न पडलंय. आत्ताच्या आत्ता कालव्यावर ने मला.”

वाईट स्वप्न माणसाला सांगायचं नसतं. आधी ते वाहत्या पाण्याला सांगायचं, म्हणजे पाणी ते घेऊन जातं. त्यांची आई तसंच करायची. नानचा तुकडा कालव्यात सोडायची, वाकून हळूच स्वप्न सांगायची आणि तुकडा दिसेनासा झाला की मागे वळून न बघता घरी यायची.

“शेजारीण म्हणते, नळाला सांग,” वाटेत ओयनिसा म्हणाली होती. “नळाचं पाणी जातं कुठे? तिच्याच मोरीत. तिला बिचारीला कशाला माझं स्वप्न?”

कालव्याचं पाणी आता वाहत नाही, हे हमदमला माहीत होतं. कारखाना बंद पडला तेव्हा कालव्याचं पाणी खेळतं ठेवणारा शेवटचा पंप त्यानेच थांबवला होता. पण वसंतात वरच्या धरणातून कधीमधी पाणी सोडतात, तेवढ्या आशेवर तो तिला घेऊन आला. मुलगा गेलेला असताना आईला त्याच्यासाठी धडपडू द्यायचं, ही दया की भेकडपणा, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. खिशात घडी केलेला शेला होता. घरात मरण झालं की पुरुष अंगरख्यावर शेला कसून दारात उभे राहतात. आईच्या वेळी त्याने तो बांधला होता, त्यानंतर आजच बाहेर काढला.

तुतझारच्या जागी आता गंजलेले पाइप आणि कारखान्याच्या पांढऱ्या राखेचे ढीग होते. गवतसुद्धा धड उगवत नव्हतं.

“इथे जर्दाळू होता,” हमदम म्हणाला. “आजोबांनी लावलेला.”

“जर्दाळू कुंपणापाशी. इथे गाय बांधायचो.”

“तू तेव्हा शेंबडी होतीस. तुला काय आठवणार?”

“शेंबडी होते म्हणूनच आठवतंय. तंदुरात हात घालून पोळून घेतला तो कुणी, तू?” तिने बाही वर केली. कोपराखाली जुना डाग होता. “गायीकडे पळत गेले होते रडत. म्हणजे तंदूर तिथे, पलीकडे. आणि तू दात काढून हसत होतास.”

“आईने मलाच धोपटलं.”

“बरं झालं.”

दोघंही हसली. हमदमला वाटलं, दिवस इथेच थांबावा. त्याने आणखी विहिरीचा विषय काढला, मग चुलत्याच्या भांडणाचा, मग रेशमाच्या किड्यांसाठी तुतीचा पाला तोडायचे त्याचा. ओयनिसाने सगळं ऐकून घेतलं. मग ती एकटीच बांधावर चढली.

कालवा भरलेला होता. पिवळट पाणी काठापर्यंत होतं, वर तेलाचा तवंग. तिने झग्याच्या खिशातून नानचा तुकडा काढला, पाण्यात सोडला आणि गुडघे टेकून ओठ हलवू लागली. ऐकू येऊ नये म्हणून हमदम लांब जाऊन उभा राहिला.

ती उठली. तुकडा होता तिथेच होता.

“हलला नाही रे,” ती म्हणाली.

“वारा नाही आज.”

“वाहायला पाण्याला वारा कशाला लागतो?”

तिने तुकड्यापलीकडे खडा टाकला. तुकडा जरासा डुलला आणि परत जागेवर आला. मग ती भावाकडे वळली.

“आका, जन्मभर तू मला घाई केलीस,” ती शांतपणे म्हणाली. “चल, बस चुकेल. चल, कामाला उशीर होईल. आज सकाळपासून एकदाही ‘चल’ म्हणाला नाहीस.”

हमदमने खिशातून शेला काढला आणि अंगरख्यावर कमरेभोवती गुंडाळला. गाठ काही केल्या बसेना.

ओयनिसाने शेला पाहिला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. ती जवळ आली आणि तिने त्याचे हात बाजूला केले.

“सैल बांधतोस,” म्हणाली. “लोक येतील आता दारात.”

आणि तिने खाली वाकून भावाच्या कमरेची गाठ घट्ट बांधून दिली.