विलीन म्हणजे कुणात?

संशोधन संस्थेत तिला सगळे आकडेताई म्हणत. कंपन्यांचे जाडजूड वार्षिक अहवाल वाचायचे, संचालक मंडळावर बँकेचा माणूस होता का, कंपनी चालू राहिली की बंद पडली, हे रकान्यात भरायचं, हे तिचं सत्तावीस वर्षांचं काम. तिच्या आकड्यांवर कित्येकजण डॉक्टर झाले. तिच्या वाट्याला शेवटच्या पानावर आभाराची एक ओळ, तीही कधीकधी आडनाव चुकवून.

विभागप्रमुखांचा नवा शोधनिबंध तर गाजतच होता. ज्या कंपनीच्या मंडळावर बँकेचा माणूस बसतो ती सहसा बुडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. बँकवाल्यांच्या संघटनेनं त्याला पुरस्कारही जाहीर केला. मंगळवारी जाहीर वाचन होतं. सोमवारी सकाळी सरांनी तिला परिशिष्टातलं शुद्धलेखन तपासायला दिलं.

चारशे बारा कंपन्यांची यादी होती. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. बॅटरीचा कारखाना. पुढे लिहिलं होतं, 'विलीन'.

त्या कारखान्यात तिचा नवरा एकोणीस वर्षं फोरमन होता. फाटकाला कुलूप लागलेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्या रकान्यात 'बंद' हा शब्द तिनं स्वतःच्या हातानं भरला होता.

तिनं जुनी फाइल काढली आणि ओळीला ओळ लावून पाहिली. एकतीस कंपन्या 'बंद'च्या 'विलीन' झाल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या मंडळावर बँकेचा माणूस असलेल्या.

ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"सर, हे कुणी बदललं?"

"वर्गीकरण आहे ते, ताई. मालमत्ता दुसऱ्यानं घेतली की आम्ही विलीन धरतो."

"यंत्रं भंगारवाल्यानं किलोवर नेली, सर. मग भंगारवाल्यात विलीन झाली म्हणा की!"

सर हसले. "भरायचं काम तुमचं, अर्थ लावायचं माझं. आणि तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर येतो ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाइल उचलून ती बाहेर पडली.

संध्याकाळी नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "मूग गिळून बस. कारखाना उघडणार आहे का परत?"

"नाही उघडणार. पण तो बुडालाच नाही असं छापून आलं, तर तुम्ही तीन वर्षं घरात कशाला बसला होतात? आळस म्हणून?"

तो जेवण अर्धवट टाकून उठला, कपाटातल्या पिशवीतून कारखाना बंद झाल्याची नोटीस काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

मंगळवारी सभागृह भरलं होतं. निबंधावर बोलायला दुसऱ्या विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका पाहुण्या म्हणून आल्या होत्या. वाचन झालं, टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर शेवटच्या रांगेतून आकडेताई उभी राहिली. 

"एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची कंपनी कुणात विलीन झाली, सर?"

"ताई, जरा चहाचं बघता का?" सर म्हणाले. सभागृहात खसखस पिकली.

"चहाचं बघणारा बाहेर आहे. मी आकड्यांचं बघते." तिनं नोटीस वर धरली. मग एकतीसच्या एकतीस नावं वाचली, प्रत्येकाची बंद पडल्याची तारीख सांगत. दहाव्या नावापर्यंत हसू विरलं होतं.

पाहुण्या बाईंनी चष्मा काढला. "या एकतीस बंद धरल्या तर निष्कर्ष टिकतो?"

"तपासावं लागेल," सर म्हणाले.

"म्हणजे तपासलंच नव्हतं?"

"मी काल तपासलं," आकडेताई म्हणाली. "टिकत नाही. उलट बँकेचा माणूस असलेल्याच जास्त बुडाल्यात."

पुरस्कार 'तांत्रिक कारणानं' पुढे ढकलला गेला. मुदतवाढीचा कागद हललाच नाही, आणि महिन्याअखेरीस तिला घरी पाठवलं. सरांच्या खुर्चीला मात्र धक्काही लागला नाही. पाच महिन्यांनी निबंध मागे घेतला गेला, तेव्हा तो स्वीकारणाऱ्या नियतकालिकात कारण छापून आलं: 'साहाय्यकांच्या नोंदींमधील चुकांमुळे'.

ते वाचून तिनं मासिक भिंतीवर भिरकावलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी! सत्तावीस वर्षांत एक रकाना चुकवला नाही मी!"

नवऱ्यानं मासिक उचललं, चुरगळलेलं पान हातानं सरळ केलं. "यांना पत्र लिही," तो म्हणाला. "मूळ नोंदी जोड. मी टपालात टाकतो."

"आणि नाही छापलं तर?"

"तर दुसरं लिही."

तिनं लिहिलं. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसरं तिनं पाहुण्या बाईंची सही घेऊन पाठवलं, तेव्हा कुठे दोन ओळींची दुरुस्ती आली: मूळ नोंदी अचूक होत्या, बदल लेखकानं केले होते. माफीचा शब्द नव्हता. तिचं आडनाव तेवढं बरोबर छापलं होतं, पण तिचा राग काही त्यानं उतरला नाही.