श्वास तपासायची पिशवी

मी एक जुनी, काळ्या रबराची पिशवी आहे. मित्रांनो, तुमच्या दोन तळव्यांत मावेन एवढीच. मला एक आखूड मान आहे. ती आता चिरली आहे, म्हणून मी खणात पडून असते.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघाले, अंगाला पावडर लागली, खोक्यात बसले. खोकं उघडलं ते थेट एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात. ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नसे, त्यांना तिथे यंत्र श्वास देई. पण यंत्र माणसाला लावण्याआधी मला लावून बघायचं, अशी तिथली रीत होती. मी फुगले आणि बसले, पुन्हा फुगले आणि बसले, की नर्सताई म्हणायच्या, "पिशवी पास झाली, न्या यंत्र." फुफ्फुसाचं सोंग घेणं एवढंच माझं काम. मला दुखत-खुपत नसे. आजही नाही.

तिथल्या एका डॉक्टरबाईंचा माझ्यावर जीव होता. त्या फुफ्फुसांवर संशोधन करत. आजारी फुफ्फुस ताठर होतं, म्हणून त्या मला दोन फळ्यांमध्ये आवळून बांधत आणि यंत्राचा श्वास लहानमोठा करून बघत बसत. आमच्याकडे श्वास वजनावर ठरत असे. माणूस जड, तर श्वास मोठा. बाईंना ते पटत नव्हतं.

"अंगावर चरबी चढली म्हणून फुफ्फुस वाढत नाही, सर. ते उंचीवर जातं. जास्तीची हवा कोंबली, तर आजारी फुफ्फुस आतून फाटतं."

विभागाचे मोठे सर हसायचे. "म्हणजे आता शिंप्यासारखी टेप गळ्यात घालून फिरायचं का आम्ही?"

कधीकधी बाईंची आई यायची, लेकीचा विसरलेला चष्मा घेऊन. आल्याबरोबर मला उचलून दाबायची.

"हिच्यापायी माझी लेक घरी येत नाही होय? अगं, ही तर माझ्या शेकायच्या पिशवीची बहीण!"

"जपून हं, आजी," नर्सताई म्हणायच्या. "आमच्यात सगळ्यांत जुनी नोकरी तिचीच आहे."

"मग माझ्यासारखीच म्हणायची. मी जेवढी उंच तेवढीच रुंद. उभी मोजा नाहीतर आडवी!"

तिच्या हसण्याने खोली भरून जाई. तिचा तळवा उबदार होता. रबराला ऊब कळते, तेवढीच.

पुढे बाईंचा निबंध मोठ्या मासिकात छापून आला. सरांनी पाठ थोपटली. "छान झालंय. वाचतो सवडीने." निबंध वाचून दाखवायला बाईंना दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. त्या गेल्या.

त्या गेल्या असतानाच आईला आणलं. न्यूमोनिया झाला होता आणि श्वास पुरत नव्हता. सगळे धावले. सरांनी स्वतः वजन बघितलं, स्वतः यंत्राची खुंटी फिरवून श्वास मोठा केला. "बाईंची आई आहे. काही कमी पडू देऊ नका."

यंत्र मला लावलं. मी टम्म फुगले.

"पास," नर्सताई म्हणाल्या.

बाई आल्या त्या खांद्यावरची प्रवासाची पिशवी न उतरवताच. त्यांनी आधी यंत्राकडे बघितलं, मग आईकडे.

"उंची कुणी मोजली?"

सर म्हणाले, "वजन घेतलंय ना. मी स्वतः घेतलंय."

"ती माझ्या खांद्याला लागते, सर."

त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी खुंटी मागे फिरवली आणि कॉटच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तोवर आईच्या फुफ्फुसातून हवा गळू लागली होती.

काही दिवसांनी आई गेली आणि यंत्र काढलं. नर्सताईंनी ते पुसलं आणि रीतीप्रमाणे मला लावलं. मी फुगले आणि बसले. "पास" म्हणायला त्या दिवशी कुणी नव्हतं.

नंतर एका सकाळी सरांनी शिंप्यांच्या टेपा आणल्या आणि प्रत्येक कॉटच्या उशाशी एकेक अडकवली. हसलं कुणी नाही. पहिल्या रुग्णाला टेप लावताना त्यांचा हात चुकला. बाई शेजारीच होत्या.

"टाचेपासून धरा, सर," त्या म्हणाल्या. तेवढंच.

आता माझ्या जागी पारदर्शक पिशव्या आल्या आहेत. नवे डॉक्टर आले की बाई मला खणातून काढतात, फुंकर घालून फुगवतात. चिरलेल्या मानेतून हवा निसटते. "ही फुगली, म्हणजे यंत्र चालतंय," त्या सांगतात. "माणसाला किती पुरे, ते हिला विचारायचं नाही."

मित्रांनो, मला हवं तेवढं फुगवा, मी काही म्हणणार नाही. मी रबराची आहे. पण ज्याला बोलता येत नाही, तो प्रत्येक जण रबराचा नसतो. आपल्या माणसाला काही देताना हात सैल सोडायच्या आधी त्याच्या जवळ जा. तो तुमच्या कुठवर लागतो, ते बघा.