तीन गावांचा बंब

मी आगीचा बंब बोलतोय. दोन चाकांवर पाण्याची टाकी, टाकीत पितळेचा पंप, पाणी फेकायला चामड्याची नळी आणि पंप वरखाली हलवायला दोन लांब दांडे, एवढाच माझा देह. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. परतूर स्टेशनावर गवतात गुंडाळलेला उतरलो, तेव्हापासूनचं आठवतं. दिवस निजाम सरकारचे होते.

मला कुणा एकानं विकत घेतलं नव्हतं. वाटूरच्या आसपास लिंबाळा, बोरखेडी आणि सातवाडी अशी तीन खेडी. एका उन्हाळ्यात तिन्हीकडे कडबे जळाले, घरं जळाली. मग तिन्ही गावांनी मिळून आगीची पट्टी बसवली. खळ्यावर रास झाली की प्रत्येक घरानं पट्टीची ज्वारी वेगळी काढायची. ती परतूरच्या बाजारात विकून त्यांनी मला आणलं. या बंबात घराघरातली भाकरी आहे, असं लोक म्हणत. मला त्याचा गर्व होता. तेव्हा मला बरंच काही वाटत असे.

मला ठेवायचं कुठे यावर खूप काथ्याकूट झाला. तेव्हा लिंबाळ्याची झुंबरबाई पारापाशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा कचरू अर्धांगवायूनं खाटेवर पडलेला, घर कपाशीच्या पऱ्हाटीच्या कुडाचं, वर गवताचं छप्पर. ती म्हणाली, "बंब माह्या आंगणात ठिवा. पाणी मी भरीन. ह्यांना उठता येत न्हाई."

कुणालाच नाही म्हणवेना. पंपातलं चामडं वाळू नये म्हणून ती रोज विहिरीवरून येताना एक घागर माझ्या टाकीत ओतायची. कचरू दारातून माझ्याकडे बघत पडलेला असे. मी अंगणात आहे म्हणून त्याला शांत झोप लागते, असं ती शेजारणींना सांगायची.

पुढे बोरखेडीच्या धर्मराज पाटलांच्या घरी लग्न निघालं. मांडवापुढची धूळ बसवायला त्यांनी मला नेलं. मी मोठ्या रुबाबात सडा घातला, पोरीबाळी माझ्याभोवती नाचल्या. वऱ्हाड परत गेलं, पण मला परत पाठवायचं पाटलांच्या ध्यानातून गेलं. तेवढ्यात सातवाडीच्या अजमतची कडब्याची गंजी पेटली, आणि लोक मला शोधत लिंबाळ्याला गेले तोवर जळून गेली.

त्यावरून तिन्ही गावांची बैठक बसली. अजमत शेतकरी माणूस, फारसा न बोलणारा, पण त्या दिवशी तो तापला होता. बंब सगळ्यांचा आहे, तर तो कुणा एकाला वापरता येता कामा नये, असं त्याचं म्हणणं पडलं. ते सगळ्यांना पटलं. टाकी आणि पंप झुंबरबाईच्या अंगणात राहतील, नळी धर्मराज पाटलांकडे आणि दांडे अजमतच्या घरी. म्हणजे तिन्ही गावं एकत्र आल्याशिवाय मी हलणारच नाही. न्याय असा चोख झाला की लोकांनी गूळ वाटला.

झुंबरबाईनं विचारलं, "आन् आग लागली तर?"

"एका हाकेवर येऊ की," पाटील म्हणाले. ते मनापासून बोलले होते.

चैत्रात, भर दुपारी, वाऱ्यानं शेजारच्या चुलीतली ठिणगी उडाली. झुंबरबाई विहिरीवर होती. ती धावत आली तेव्हा छपरानं पेट घेतला होता. लोकांनी भराभर माझी टाकी भरली. ती काठोकाठ भरली आणि मग सगळे एकमेकांकडे बघत राहिले. नळी नव्हती, दांडे नव्हते. शेवटी माझ्यातलंच पाणी घागरींनी उपसून फेकू लागले. धग इतकी होती की कुणाला दाराजवळ जाता येईना. झुंबरबाईला दोघांनी धरून ठेवलं होतं. आतून कचरूच्या हाका येत होत्या. तो तिला नव्हे, मला बोलावत होता. "बंब लावा," म्हणत होता.

हाकेला सगळे आले, हेही सांगितलं पाहिजे. पाटील स्वतः घोड्यावरून नळी घेऊन आले. अजमत आणि त्याचे भाऊ दांडे खांद्यावर घेऊन पळत आले. त्यांनी मला जोडलं, चौघांनी दांडे मारले आणि माझा फवारा लिंबाच्या शेंड्यावरून गेला. तोवर छप्पर खाली बसलं होतं. मी राखेवर पाणी मारत राहिलो. पितळेला रडता येत नाही. त्या दिवसापासून मला फारसं काही वाटतही नाही.

पुढच्या सुगीत पट्टी गोळा झाली. झुंबरबाईनं आपली ज्वारी आणून टाकली. तू देऊ नकोस म्हटलं, तर ती म्हणाली की पट्टी सगळ्यांची आहे. पाटलांनी आणि अजमतनं खाली मान घालून सांगितलं, की आता सगळा बंब जोडून तुझ्याच अंगणात ठेवतो.

"आता माह्याकडं कशाला?" ती म्हणाली. "ज्याच्या घरी उठता न येणारं माणूस हाय, त्याच्या आंगणात ठिवा."

मग अजमत उठला आणि मला बैलगाडीमागे बांधून आपल्या घरी घेऊन गेला. त्याची आई, जुबेदा, तेव्हा खाटेवर पडून होती.

अजून मी तिथंच आहे. निजामाचं राज्य यंदा गेलं. आता पट्टी कोण बसवणार, कुणाला ठाऊक नाही. मला काही मागायचं नाही. फक्त मला पुन्हा वाटून घेऊ नका.

बाजारच्या दिवशी झुंबरबाई वाट वाकडी करून येते. नळीला हात लावते, दांडे हलवून बघते, टाकीत डोकावते. दारातल्या खाटेवरून जुबेदा विचारते, "बराबर हाय ना बाई?"

"बराबर हाय," झुंबरबाई म्हणते. "झोपा तुम्ही."

आणि डोक्यावरचं गाठोडं सावरून ती वाटूरच्या रस्त्याला लागते.