सावली-सावलीनं

निशांतच्या कवितासंग्रहावर बोलायला बोलावणं आलं, तेव्हा पद्मानं आधी साफ नाही म्हटलं होतं. पण सदाशिवराव ऐकतात थोडेच! वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. "सख्खी बहीण, त्यात मराठीची प्राध्यापिका, म्हणजे सोन्याहून पिवळं," म्हणाले. वर आईलाही घेऊन या, सत्कार करू. कवीची म्हातारी आई समोर बसलेली असली की कवितेला वजन येतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

तर एप्रिलमधल्या त्या रविवारी सुलोचनाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ. पाच वर्षांपासून त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. पद्माला कधी 'मावशी' म्हणत, कधी 'मास्तरीणबाई', कधी काहीच नाही. पिपरी मेघेच्या घरात त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून फाटकाला कुलूप लावणं, सगळं पद्माच्या गळ्यात. निशांत पुण्याला. त्याचं काम एकच, दर रविवारी दहाला फोन करायचा आणि विचारायचं, "आज आई काय म्हणाली?"

भोळी पद्मा सांगत गेली. आईनं चहात मीठ टाकलं. आरशातल्या बाईला बसायला पाट दिला. समुद्रपूरच्या वावरात कापूस वेचायला जायचंय म्हणून सकाळीच कमरेला ओटी बांधून बसली. पद्माला वाटायचं, पोरगा तिकडे आईसाठी तळमळतोय. पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं, पोरगा लिहून घेत होता. पाट मांडणारा 'मी', वेणी घालणारा 'मी', कमरेची ओटी सोडणारा 'मी'. अख्ख्या पुस्तकात बहीण औषधालाही नाही.

आणि बोलायची सोय नाही! "कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे," हे पद्मानंच बावीस वर्षं वर्गात घोकून घेतलं होतं. पेपरात कोणी कवीच्या घरच्या चौकशा केल्या की तिची लाल रेघ ठरलेली. आता तीच शिकवण तिच्या अंगाशी आली होती.

निशांतनं शीर्षककविता वाचली. पुण्यात राहून त्याची वऱ्हाडी फक्त मंचावर उगवते. 'उन्हाचा येऊ नोको बाळा, सावली-सावलीनं येजो.' याच ओळीवर पुरस्कार मिळाला होता. सभागृहात दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. सुलोचनाबाई नारळाची शेंडी उपटत होत्या.

पद्मा उठली. हातात रसग्रहणाचे सहा मुद्दे लिहिलेले कागद होते. तिनं पहिला मुद्दा वाचला, 'स्मृतिभ्रंश आणि भूदृश्य', आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकले.

"ही ओळ आईची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. मागच्या उन्हाळ्यात हा फोनवर रडत होता. आई माझं नाव तरी घेते का, विचारत होता. आईनं वर्षभरात याचं नाव घेतलं नव्हतं. मला दया आली, म्हणून मी खोटंच सांगितलं, आई तुला असं म्हणाली. मी समुद्रपुरात अनवाणी शाळेत जायची, तेव्हा आई मला दारातून सांगायची, सावली-सावलीनं जाजो. याला नाही. याला सायकल होती. सायकलवाल्याला कोण सावली दाखवतं?"

मग टाळ्या! सदाशिवराव गहिवरून म्हणाले, "वा! भावाच्या कवितेसाठी बहिणीनं आपली आठवण दिली. केवढा हा त्याग!"

पद्माच्या अंगाचा तिळपापड झाला. दिली? तिनं कुठे दिली होती?

बाहेरच्या व्हरांड्यात निशांतनं तिला गाठलं. चेहरा पडलेला, पण बोलणं तयार. "ताई, कवितेतली आई म्हणजे आपली आई नव्हे. तूच शिकवतेस ना?"

"हो, शिकवते." पद्मानं खांद्यावरची कापडी पिशवी त्याच्या हातात कोंबली. "ह्यात आईच्या गोळ्या हायेत, बदलायचं लुगडं हाय अन् फाटकाची किल्ली. भात मऊ करजो. मी समुद्रपूरले चालली, दोन दिवस."

"काय? अगं, माझी संध्याकाळची गाडी आहे!"

"काऊन? आईची वेणी तू घालतं ना? पाट बी तूच मांडतं. मंग आता मांड. मले आता रविवारी फोनवर विचारू नोको, आई काय म्हणाली. बस तिच्यापाशी अन् आयक."

तिनं आईला आतून आणून त्याच्याजवळ खुर्चीत बसवलं, शाल काढून घडी केली आणि पायऱ्या उतरली. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. बसस्टँडपर्यंत पायीच जायचं होतं.

"ओ बाई!"

सुलोचनाबाई व्हरांड्याच्या कठड्याशी येऊन उभ्या होत्या. ओळख काही नव्हती चेहऱ्यावर. पण ऊन त्यांना दिसत होतं आणि उन्हात निघालेली बाई दिसत होती.

"सावली-सावलीनं जाजो वं माय. पाय भाजन."

पद्माचा पाय जागीच थबकला. पाच वर्षांत पहिल्यांदा आई तिच्याशी आईसारखं बोलली होती. डोळे भरून आले आणि तिनं वळून पाहिलं. आईच्या मागे निशांत उभा होता. पिशवी त्यानं खाली ठेवली होती आणि त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता.

पद्मा परत पायऱ्या चढली. तोवर त्याच्या हातात आलेलं पेन काढून घेतलं.

"हे मले म्हटलं तिनं," ती म्हणाली. "मले."

पेन पर्समध्ये टाकून ती भिंतीच्या सावलीनं निघून गेली.